तुटक रेघ

दादाचा फोन आला तेव्हा मी गव्हाच्या शेताच्या कडेला सायकल उलटी करून बसलो होतो. मागच्या टायरला गारगोटीनं करंगळीच्या नखाएवढी चीर पाडली होती आणि तिच्यातून टायरात भरलेला पांढरा चीक फसफसत बाहेर येत होता.

“कुठं हाईस?”

“डोंगरात. पंक्चर काढतोय.”

“कुणाच्या रानात?”

मला सांगता येईना. डाव्या हाताला गहू, उजव्या हाताला बीच झाडांचं जंगल, मधून ही दोन मीटरची वाट, आणि या सगळ्याचा मालक कोण हे मी आठ वर्षांत कुणाला विचारलेलं नाही. तसं सांगितलं तर दादा म्हणाला, “मग त्यो मालक काय बोलत न्हाई?”

“नाही. त्याला बोलता येत नाही.”

“मुका हाय व्हय?”

दोघंही हसलो. पण दादाचा प्रश्न थट्टेचा नव्हता, पोळलेल्या माणसाचा होता. आमच्या गावी रानाकडे जाणारी पाणंद दोन्हीकडच्या बांधांनी मिळून खाल्ली आहे. दर नांगरटीला एक तास आत. इकडून एक, तिकडून एक. वडील होते तेव्हा तिच्यातून उसानं भरलेली बैलगाडी जायची. आता दादा खताचं पोतं डोक्यावर घेऊन जातो. अशा माणसाला, परमुलखात परक्याच्या गव्हातून कुणाला न विचारता सायकल हाकता येते, हे खरं कसं वाटावं?

मी फिरतो तो मुलूख इंग्लंडातल्या ऑक्सफर्डशायरच्या दक्षिण टोकाचा. थेम्स नदी गोरिंग गावापाशी टेकड्यांची रांग चिरून पुढे जाते. तिच्या पूर्वेच्या त्या चिल्टर्न टेकड्या. रेडिंगहून सायकलसकट आगगाडीत बसलं की वीसेक मिनिटांत गोरिंग येतं. ‘डोंगरात’ ही माझी फुशारकी. चिल्टर्नचं सर्वांत उंच ठिकाण २६७ मीटरचं. १६४६ मीटरच्या कळसूबाईनं बघितलं तर तिला हा उंचवटा शेताचा बांध वाटेल. पण इथे चढ एकदा चढून भागत नाही. चढा, उतरा, वळसा घ्या की पुन्हा समोर उभा. माझी नेहमीची फेरी पंचेचाळीस किलोमीटरची आहे, आणि तिच्या शेवटी मांड्या जे सांगतात ते नकाशातल्या उंचीशी अजिबात जुळत नाही.

याला कारण खडू. शाळेच्या फळ्यावर असायचा त्याच जातीचा, पण शेकडो फूट जाड. समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांची कवचं साचून तो झाला. तो साचण्याचं युग संपलं आणि आमच्या सह्याद्रीचा लाव्हा वाहायला लागला, ते भूगर्भशास्त्राच्या हिशेबात एकाच सुमाराला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एकीकडे पांढरा दगड, दुसरीकडे काळा. काळा पाणी अडवून धरतो, पांढरा पिऊन टाकतो. चिल्टर्नमध्ये दऱ्या आहेत, पण बहुतेक दऱ्यांत ओढा नाही. हिमयुगात खडू गोठून घट्ट झाला होता तेव्हा वरून वाहिलेल्या पाण्यानं त्या कोरल्या. बर्फ वितळलं, खडू पुन्हा तहानला, पाणी खाली गेलं आणि नुसती वळणं राहिली. त्या कोरड्या वळणांवरून मी खालीवर होतो.

खडूच्या पोटात गारगोट्या असतात, फुटल्या की वस्तऱ्यासारख्या. आणि पावसानंतर हा खडू जो चिखल करतो त्याला फक्त आमची काळी माती तोड देईल. चाक आणि चिमटा यांच्या मधे तो असा बसतो की सायकल जागीच उभी राहते. लहानपणी गाडीच्या चाकाचा चिखल वडील काठीनं काढायचे. मी इथे हेझलची काडी मोडून तेच करतो.

पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर खडूत नाही, नकाशात आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी पुठ्ठ्याचा ‘एक्स्प्लोरर १७१’ माझ्या पाठपिशवीत कायम असतो. एक किलोमीटरला चार सेंटिमीटर. शेताची कुंपणंसुद्धा दिसतात. त्यावर हिरव्या तुटक रेघा आहेत. आखूड तुकड्यांची रेघ असेल तर ती पायवाट, तिथे फक्त चालायचं. लांब तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रायडलवे: पायी, घोड्यावर आणि सायकलवर. वाटेवरच्या खांबांवर तेच बाणांच्या रंगात: पिवळा पायी, निळा ब्रायडलवेचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. सायकलच्या वाट्याला त्यातला पाचवा हिस्सा, फार तर थोडा जास्त.

हा हिस्सा मिळाला तो १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टमुळे. सायकलवाल्यांनी ब्रायडलवे वापरावा, मात्र चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, अशी त्यातली तरतूद. शिवाय एक पुस्ती: सायकलींसाठी वाट नीट करून देण्याची जबाबदारी कुणावर नाही. मला ही पुस्ती फार आवडते. जा म्हणतात, पण आपटलास तर तुझं तू बघ. गंमत म्हणजे तेव्हा माउंटन बाइक जन्मालाही आलेली नव्हती. ती कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकाच्या शेवटी आकाराला आली. पण इंग्लंडात १९५५ पासूनच ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची मंडळी साध्या सायकली खांद्यावर मारून डोंगर पालथे घालत होती. कायदा आधी आला, त्याला साजेशी सायकल नंतर. असं क्वचित होतं.

मालकाला बोलता येत नाही ते यामुळे. जमीन त्याचीच, पण तिच्यावरून जाणं हा साऱ्यांचा हक्क, आणि तो हक्क मुख्यतः वापरानं तयार झालेला. लोक हक्कानं, अडथळ्याविना वीस वर्षं एखाद्या वाटेनं जात असतील तर ती मालकानं सार्वजनिक करून दिली असं १९८० चा हायवेज ॲक्ट धरून चालतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वहिवाट. शब्दातच वाट आहे. व्युत्पत्ती काय ते कोशकार जाणोत. आणि आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदासुद्धा वीसच वर्षं मागतो. मुद्दा वर्षांचा नाही.

मुद्दा गव्हाचा. माझ्या पुढ्यात त्या दिवशी जे शेत होतं त्याच्या मधोमध वाट होती, गव्हाला भांग पाडल्यासारखी. सरळ, स्वच्छ. शेतकऱ्याला शेतातून आडवी जाणारी वाट नांगरायची मुभा आहे, पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत आणि पुढच्या मशागतीनंतर चोवीस तासांत वाट परत करून द्यावी लागते. पायवाट किमान एक मीटर रुंद, ब्रायडलवे दोन. शेताच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही. पेरून उगवून आलं तर मधली पट्टी मोकळी ठेवायची. मे महिन्यात त्या हिरव्या भांगातून सायकल जाते तेव्हा दोन्ही बाजूंचा गहू हँडलाच्या मुठींना घासून सळसळतो, आणि मला दर खेपेला मनात चोरट्यासारखं वाटतं. आठ वर्षं झाली, तरी वाटतं. शेतकऱ्याच्या पोटचा आहे मी. पिकातून चालणाऱ्याला आमच्यात शिव्या बसतात.

गोरिंगहून निघाल्यावर मी टेकड्यांच्या पायथ्यानं जाणारी इकनील्ड वे धरतो. ही फार जुनी वाट, रोमनांच्या आधीची मानतात. तिच्यावरून यूएल्म गाठायचं. या गावात वॉटरक्रेसच्या भाजीचे वाफे आहेत, खडूनं प्यायलेलं पाणी इथे पायथ्याशी झरा होऊन निघतं म्हणून. चर्चच्या आवारात जेरोम के. जेरोम पुरलेला आहे, नावेतल्या तीन इसमांना अमर करणारा. त्यानंच १९०० साली त्या तिघांना सायकलींवर बसवून जर्मनीला पाठवलं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्याच्या थडग्यापाशी मी केळं खातो. तेवढंच.

यूएल्मनंतर स्विनकमचा चढ. याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही. सर्वांत हलका गिअर, नाक हँडलावर, आणि पुढचं चाक उचलू नये म्हणून वाकलेला मी. पाठीमागून कुणी येत नाही ना एवढंच बघायचं, म्हणजे उतरून ढकलता येतं. वर गारगोटीच्या भिंतींचं छोटं नॉर्मन काळातलं चर्च आहे. फेब्रुवारीत त्याच्या आवारात पांढऱ्या स्नोड्रॉप फुलांचा सडा पडतो. मे महिन्यात बीचच्या झाडांखाली निळी फुलं, शेवटाला आलेली, आणि डोक्यावर इतकी कोवळी पालवी की उजेडसुद्धा हिरवा होऊन खाली येतो. या जंगलांत पूर्वी खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर झोपडी टाकून काम करायचे. लाकूड ओलं असतानाच कातायचे आणि हाय विकमच्या कारखान्यांना विकायचे. झाडांच्या वर लाल घारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातून ही घार पार मारून संपवली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली, आणि आता एका नजरेत दहाबारा दिसतात. दमून बसलेल्या माणसावर त्या जरा जास्तच घिरट्या घालतात असं आपलं माझं मत.

या जंगलात घोडी भेटतात. नियम सोपा आहे: लांबूनच बोलायला लागायचं. सायकल हे काय श्वापद आहे ते घोड्याला कळत नाही, माणसाचा आवाज ऐकला की तो निवांत होतो. घंटी वाजवली तर कधी कधी बुजतो. मी “आलो, आलो” म्हणत जातो. घोड्याला भाषेचं वावडं नसतं. स्वारबाई हात वर करतात, मी पाय टेकवून थांबतो, घोडी सोडून जाते तो वास गावच्या गोठ्याचा.

पुढे नफील्ड. एवढंसं गाव, पण ‘लॉर्ड नफील्ड’ म्हणून ज्याला जग ओळखतं तो विल्यम मॉरिस इथल्या चर्चच्या आवारात एका साध्या फरशीखाली आहे. १८९३ साली ऑक्सफर्डमध्ये आईबापांच्या घरी सायकली दुरुस्त करणारा पोरगा. मग सायकली बांधू लागला, मग मोटारी. त्याच्या कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून आपली ॲम्बॅसडर आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. आमच्या तालुक्याचे आमदार त्याच गाडीतून धुरळा उडवत यायचे, आणि पाणंदीचं काम करून देतो म्हणून जायचे.

नफील्डपाशीच मी एकदा सापडलो. रिजवे नावाची लांबच्या पल्ल्याची वाट इथून ग्रिम्स डिच या लोहयुगीन मातीच्या बांधावरून थेम्सकडे उतरते. झाडांतून, सरळ रेषेत. पण बाण पिवळा. इथे सायकलला बंदी. पहिल्या वर्षी मी, कोण बघतंय म्हणून, घातली सायकल. अर्ध्या मैलावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. ओरडले नाहीत. काठीनं फक्त खांबावरचा बाण दाखवला आणि म्हणाले, ही पायवाट आहे, तुम्हाला माहीत असेलच. मी उतरलो. माघारी ढकलत निघालो तर तेही सोबत चालू लागले. त्यांच्या खिशात छाटणीची कात्री होती. बोलता बोलता थांबायचे, वाटेवर आलेली काटेरी फांदी कचकन तोडायचे, पुढे निघायचे. मी विचारलं तेव्हा कळलं की गावातले काही जण मिळून वर्षातून एकदा तरी आपल्या हद्दीतली प्रत्येक वाट चालून काढतात. कुठे गेट अडकलं, कुठे पाटी पडली, कुठे कुणी तार ओढली, ते काउन्टी कौन्सिलला लिहून कळवतात. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक काउन्टीला वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. त्यात ज्या जुन्या वाटा राहून गेल्या त्या नोंदवायला २००० सालच्या कायद्यानं १ जानेवारी २०२६ ची मुदत घातली होती, ती पुढे ढकलली गेली. म्हातारेबुवा त्या मुदतीबद्दल असं बोलत होते, जसं आमच्याकडे सातबाऱ्याबद्दल बोलतात.

त्यांच्यामुळे एक गोष्ट डोक्यात बसली. या वाटा ज्यांनी पाडल्या ते शेतमजूर, धनगर, चर्चला निघालेली कुटुंबं. त्यांच्यातलं आता कुणी या गावांत राहत नाही. गारगोटीच्या त्या देखण्या घरांच्या किमती बघता राहूही शकत नाही. मी ज्या गावांतून जातो त्यांत दुकान बंद, बस क्वचित, दारात दोन-दोन गाड्या. वाटेची गरज कुणालाच उरलेली नाही. आणि तरी वाट आहे, कारण बिनगरजेची माणसं हौसेनं ती चालतात आणि हिशेब ठेवतात. आमच्या पाणंदीची गरज तीस घरांना रोजची आहे.

यानंतर स्टोक रो. पहिल्यांदा इथे पोहोचलो तेव्हा पाण्याची बाटली रिकामी होती, आणि रस्त्याच्या कडेला सोनेरी घुमट, त्याखाली लोखंडी रहाट आणि रहाटावर सोनेरी हत्ती. उन्हानं डोकं फिरलं की काय असं वाटलं. ही काशीच्या महाराजांची विहीर. टेकडीच्या माथ्यावरचं हे गाव, खाली सगळा खडू, त्यामुळे पाणी म्हणजे डबक्यांत साठेल तेवढं. शेजारच्या इप्सडनचे एडवर्ड रीड वायव्य प्रांतात मोठे अधिकारी होते. तिकडे १८३१ साली त्यांनी आझमगढला विहीर खोदवली होती. आपल्या गावाकडे घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईनं पोराला कसं मारलं, हे त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि पैसे दिले. १८६३ साली खोदकाम सुरू झालं; चार फूट व्यासाची, ३६८ फूट खोल, सगळी हातांनी खणलेली. १८६४ च्या २४ मे रोजी, राणीच्या वाढदिवशी, ती खुली झाली. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. पाणी सर्वांना फुकट. नळ येईपर्यंत सत्तर वर्षं गाव तिच्यावर जगलं.

या दानात राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. १८५७ नंतरची ती वर्षं, आणि १८६०-६१ साली त्याच वायव्य प्रांतात दुष्काळानं माणसं मेली होती. पण विहिरीच्या काठावर उभं राहून आत वाकलं की गार हवा येते, आणि राजकारण थोडा वेळ बाजूला राहतं.

बाजूला राहत नाही ते महाड. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क, हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ भरेपर्यंत तो कागदावरच होता. पुढे कोर्टात विरोधकांनी आधार कशाचा घेतला? रूढीचा, म्हणजे वहिवाटीचाच: आम्ही पूर्वापार यांना येऊ दिलेलं नाही, म्हणून यांना हक्क नाही. ही रूढी अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध झालं नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ ला दिला. म्हणजे वहिवाट वाट पाडते तशी वाट अडवायलाही उभी केली जाते. हत्तीखालच्या त्या फुकट पाण्यापाशी मला हे आठवतं, आणि इंग्रजांच्या वाटांचं कौतुक करताना जीभ थोडी आवरली जाते. जिथे गव्हातून भांग पडला तिथे आधी कुणाची तरी सामाईक चराऊ रानं कुंपणात गेली होतीच. त्यांच्या संसदेनंच कायदे करून ती कुंपणं घातली. उरल्या त्या वाटा.

स्टोक रोवरून चेकेंडनमार्गे गोरिंगला उतरताना जंगलातून एक घळ लागते, शतकानुशतकं चाकांनी आणि खुरांनी खोल गेलेली. दोन्ही बाजूंना बीचची उघडी मुळं, तळाशी गेल्या सालचा पाचोळा आणि पाचोळ्याखाली काय असेल ते नशीब. इथे ब्रेक मारायचा नाही, लांब बघायचं, पार्श्वभाग सीटच्या मागे न्यायचा आणि सायकलला तिचं तिचं ठरवू द्यायचं. पाचेक मिनिटं मला कायदा, इतिहास, गाव काही आठवत नाही. मग एकदम ऊन, नदी, स्टेशन.

त्या पंक्चरच्या रविवारी गाडीत बसल्यावर मी दादाला फोन लावला. पाणंदीचं काय झालं ते विचारलं. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा घालायला हवा. दर वर्षी एक तास या बेतानं खाल्लेल्या वाटेचे सहा महिने कुठून मोजायचे, यावर दोन वकिलांची दोन मतं आहेत. गाव नकाशावर आमची पाणंद दुबार तुटक रेघेनं दाखवलेली आहे. गाडीमार्ग. मी दादाला इंग्लंडातल्या म्हाताऱ्याची, त्याच्या कात्रीची गोष्ट सांगितली, आणि रोज एकदा तरी त्या वाटेनं जा म्हटलं, काम असो नसो.

“पायी जायाचं का?”

“पायी जा, नाहीतर आण्णांची सायकल काढ.”

आण्णांची, म्हणजे वडिलांची, हर्क्युलस गोठ्यात टांगलेली होती. दादानं ती उतरवली, दोन्ही टायर बदलले, आणि आता रोज सकाळी वैरणीला जाताना तिच्यावरून जातो. परवा त्यानं टेप लावून मोजलं. सर्वांत अरुंद जागी पाणंद अडीच फूट उरली आहे. हर्क्युलसचं हँडल पावणेदोन फूट. सायकल अजून जाते.